ओळख न देणारी गाडी

...आणि तीच गाडी, तीच बरं का, जी माझ्यासमोर सकाळभर नुसती घर्रर्र घर्रर्र करून घसा साफ करत बसली होती, ती गॅरेजवाल्याने आत बूड टेकवलं मात्र, लगेच लाडावलेल्या मांजरीसारखी गुरगुरायला लागली! आता काय म्हणायचं याला? तो माझ्याकडे बघतो, मी गाडीकडे बघते, गाडी कोणाकडेच बघत नाही. "काकू, गाडीत काही नाहीये." म्हणजे? गाडीत काही नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे, असंच ना? तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगते.

तक्रार मला करताच येत नाही हो. या वर्षी मी व्रत घेतलंय, वर्षभर कोणाला वाकडा शब्द बोलायचा नाही. गेल्या वर्षी मौन धरलं होतं, दर सोमवारी. मौन सोपं हो! मौनात निदान मनातल्या मनात बोलता येतं आणि लोकांना वाटतं, बाई जप करतेय. पण बोलायचं आणि गोडच बोलायचं, तेही बंद पडलेल्या गाडीत बसून, मागे चार जण भोंगे वाजवतायत, एक जण तर खाली उतरून काचेवर टकटक करून विचारतो, "ताई, चालवायची आहे की नुसती बसायला घेतलीय?" आणि मी हसून म्हणते, "दादा, देव तुमचं भलं करो." त्याला काय वाटलं असेल? घाबरून गेला बिचारा, दोन पावलं मागेच सरकला!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय गाडीचं, जायचं बसने. सांगते ना. दर मंगळवारी माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं असतं. तिच्या घोट्यापाशी जखम आहे, महिनोन्‌महिने भरत नाही असली हट्टी, ती धुऊन पट्टी बदलावी लागते. आई राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटी. भाऊ परगावी. बसची पायरी तिला चढवत नाही आणि भाड्याच्या गाडीत ती बसत नाही, का, तर "परक्या माणसाच्या पाठीकडे बघत किती वेळ बसायचं गं?" म्हणून तर मी या वयात गाडी शिकले! लोक या वयात गुडघे बदलतात, मी गिअर बदलायला शिकले. आणि आता आमचे हे काय म्हणतात? हे म्हणजे आमचे यजमान, निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूचे साहेब झालेत. म्हणतात, "विकून टाकू हे खटारं. महिनाअखेर बघायला येतायत एक जण." अहो, मग माझी आई? "बघू काहीतरी." यांचं 'बघू काहीतरी' मी लग्नापासून बघतेय. अजून काही दिसलेलं नाही. तक्रार नाही हं, नुसतं सांगते.

मग मी माझा उपाय काढला. नवस! पहिल्या मंगळवारी गाडी अडली, तशी मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, एवढी चालू कर, मी चहा सोडते. किल्ली फिरवली... चालू! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आणि चहा सुटला. सकाळचाही आणि दुपारचाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, घर्रर्र घर्रर्र. आता? चहा तर सोडून झाला! म्हटलं, गोड सोडते. चालू! मग दुपारची झोप. मग ती रात्रीची मालिका, आणि कुठल्या दिवशी सोडली? तर ज्या दिवशी त्या सुनेला कळणार होतं की तिचा दीर जिवंत आहे! आजतागायत मला माहीत नाही तिला कळलं की नाही. शेजारीण सांगायला आली, तर मी कानांवर हात ठेवले. नवस म्हणजे नवस. मधलाच एखादा मंगळवार देव ऐकायचा नाही, मग मिस्त्री येईस्तोवर आईकडेच बसायचं. पण विचार करा, एकदाच कायमची बंद पडली असती तर एका चहावर भागलं असतं. ही अधूनमधून बंद पडते, म्हणजे अधूनमधून चालू होते, आणि दर चालू होण्याला माझा एक एक जिन्नस जातो!

आणि गॅरेजमध्ये काय काय नाही केलं म्हणता? आधी बॅटरी बदलली. मग स्टार्टर उतरवून साफ केला. मग पेट्रोलचा पंप, मग कसलीशी वायर, ती बदलून जुनी वायर माझ्या हातात दिली, जशी काही डॉक्टरांनी काढलेला दात देतात. आणि गॅरेजात गाडी कधीच अडायची नाही. तिथे गुणी मुलीसारखी! यांचं मत वेगळंच. "किल्ली फिरवायची एक पद्धत असते. तू फार प्रेमाने फिरवतेस." एकदा स्वतः आले दाखवायला. बाह्या सरसावल्या, किल्ली अशी फिरवली, खाटकन... घर्रर्र. पुन्हा. घर्रर्र. मग म्हणतात, "बघ, आता तुझीच सवय लागलीय तिला!" मी हसून म्हटलं, "असेल हो." व्रत!

शेवटी गॅरेजवाल्यानेच हात जोडले आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं. शांत माणूस. त्याने बॉनेट उघडलंच नाही. नुसतं विचारलं, "गाडी चालू होत नाही तेव्हा समोर काय दिसतं?"

"काय दिसणार? भिंत."

"भिंत नाही हो मावशी, काट्यांच्या शेजारी. किल्लीच्या आकाराचा एक लाल दिवा असतो. तो लुकलुकतो का?"

"लुकलुकतो की! पहिल्या दिवसापासून लुकलुकतो."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

आता काय सांगू याला! अहो, मी त्या दिव्याला नमस्कार करत होते! गाडी अडली, मी देवाला हाक मारली आणि डोळे उघडले तर समोर इवलासा लाल दिवा लुकलुकतोय. मला वाटलं, ऐकलं वाटतं देवाने! आणि तो दिवा विझला की गाडी खरंच चालू व्हायची हो! मी रोज फडक्याने पुसायचे त्याला. आणि तो बिचारा इतके दिवस डोळे मिचकावून सांगत होता, बाई, किल्ली बघ, किल्ली बघ!

झालं होतं असं की या किल्लीच्या मुठीत एक चिप असते, डाळीच्या दाण्याएवढी. तिच्यात एक सांकेतिक आकडा. गाडी आधी तो आकडा वाचते, ओळख पटली तरच चालू होते, नाहीतर तुम्ही दारात डोकं आपटा. आणि आमच्या चिपला गेला होता तडा. कधी वाचता यायची, कधी नाही. तो म्हणाला, "किल्ली कुठे आपटली होती का?" मी शेजारी उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघायला लागले. कारण कॅलेंडरचा खिळा ठोकायला हातोडी कोण शोधत बसणार? किल्लीची मूठ चांगली जाड असते! दरवर्षी नवं कॅलेंडर, दरवर्षी नवा खिळा, तीच किल्ली. तो माणूस म्हणाला, "दुसरी किल्ली असेल ना?" असेल की! यांनी जपून ठेवलीय. म्हणजे इतकी जपून की घरात चोर शिरला आणि सोबत हे स्वतः असले, तरी दोघांनाही सापडणार नाही. सगळं घर उलथंपालथं केल्यावर ती निघाली कुठून? यांच्या हिवाळ्यातल्या मोज्यात! तिने गाडी कशी पटकन चालू झाली! म्हणजे दुखणं किल्लीचं, आणि ऑपरेशनं झाली गाडीची.

मग नवी किल्ली. ती काय अशी घासून देत नाहीत हो, गाडीला ती शिकवावी लागते! तो लॅपटॉप घेऊन बसला, गाडीचे कागद बघितले, एक वायर इकडे, एक तिकडे, म्हणाला, "ज्या किल्ल्या आत्ता समोर नसतील त्यांना ही गाडी विसरणार." मी चटकन मोज्यातली किल्ली पुढे केली, म्हटलं, बाई गं, हिला विसरू नकोस, ही आपल्यातली आहे. आणि दोन मिनिटांत, दोनच मिनिटांत ओळख पटली! माझ्या सासूबाईंना माझी ओळख पटायला जन्म गेला. तक्रार नाही हं... नुसतं सांगते.

हे सुद्धा विरघळले. म्हणाले, "ठीक आहे, एकदाही अडली नाही तर ठेवू. पण एकदा जरी अडली, त्याच दिवशी विकणार."

तर या मंगळवारी मी गेले. आईला नेलं, पट्टी बदलली, नर्स म्हणाली जखम भरत आलीय, आणखी थोडे मंगळवार. आईला परत आणलं, जिन्याखालच्या खुर्चीवर बसवलं, आणि तिला दाखवायला म्हणून गाडीत बसून किल्ली फिरवली. एका फटक्यात चालू! मी खिडकीतून ओरडले, "आई, बघ! माझा नवस फळला!"

आईचं तोंड एवढंसं झालं.

"तुझा फळला. माझा गेला वाया."

"तुझा? तुझा कसला नवस?"

"काही नाही गं. तू मला इथे सोडतेस, हाताला धरून एकेक पायरी वर नेऊन निजवतेस, आणि लगेच किल्ली वाजवत पळतेस. मी वरून ऐकत असते. म्हणते, देवा, आता नको चालू करूस. अडली की तू परत वर येतेस. मिस्त्री येईस्तोवर बसतेस, माझी वेणी घालतेस, कोणाकोणाचं सांगतेस... म्हणून मी रात्रीचं दूध सोडलं होतं."

ऐकलंत? देवाने तरी काय करावं हो! एकीचा चहा इकडे, एकीचं दूध तिकडे, आणि मध्ये ती गाडी, एक मंगळवार माझा, एक मंगळवार आईचा! आणि आम्ही बॅटरी बदलतोय!

मी गाडी बंद केली. आईला हाताला धरून वर नेलं. तेलाची बाटली काढली आणि आईची वेणी सोडली. तेवढ्यात फोन. हेच. यांची जेवायची वेळ झालेली. "कुठे आहेस? अडली ना? मला माहीत होतं! उद्याच त्या माणसाला बोलावतो!"

आता हो म्हणावं तर गाडी जाते, नाही म्हणावं तर मला निघावं लागतं. वाकडं बोलायचं नाही. खोटं तर त्याहून नाही. आणि आईचे केस माझ्या हातात.

"अहो, गाडी अगदी ठणठणीत आहे," मी म्हटलं, "आज मीच चालू होत नाहीये. तुम्ही वाढून घ्या."