किल्लीचा धर्म

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, हे धार्मिक आहे का?" अहो, किल्ली आहे ती! पितळेची, लॅचची, दाराची किल्ली! एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला दाते, आणि कुलूपवाल्याचा शिक्का कधीचा झिजून गेलेला. आता किल्लीकडे बघून कुणाच्या तरी मनात यावं का, की बाई गं, हिचा धर्म कोणता? कुलूपवाल्याने नाही विचारलं, दाराने नाही विचारलं, शाळेने विचारलं!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीचं डोकं फिरलं.

ही माझी नात, सातवीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. तर भिंगरीच्या शाळेत आधी नियम होता, अंगावर काही म्हणजे काही घालायचं नाही. मग कुणाचं कडं उतरवलं, कुणाचा क्रॉस उतरवला, कुणाचा ताईत सोडायला लावला, आणि पालक हे भडकले! सभा बोलावली. मुलगा छापखान्यात, सून हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात, दोघांना सुट्टी नाही, म्हणून गेले मी. एक वडील उभे राहिले, "नियम म्हणजे नियम! सगळ्यांचंच बंद करा, नाहीतर उद्या पोरं मुकुट घालून येतील!" एक आई उठली, "माझ्या मुलाचं कडं म्हणजे दागिना नव्हे, त्याच्या हाताइतकंच ते त्याचं आहे!" मागून कुणीतरी, "अहो, पण खेळताना अडकलं, मान आवळली म्हणजे?" म्हणजे तिघंही खरं बोलत होते, आणि तिघंही एकदमच बोलत होते!

मग मी उठले. म्हटलं, हे बघा, मी स्वतः काही मानत नाही. देव नाही, दोरा नाही, नवस नाही. माझी जीभ माझी आहे, ती मी कुणाला भाड्याने देत नाही. पण गळ्यात काही लटकतंय म्हणून कानातून गणित आत जात नाही, असं मी कधी ऐकलेलं नाही! घालू द्या की पोरांना. खेळताना आत खोचा, वरून चिकटपट्टी लावा, झालं. टाळ्या पडल्या हो! मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मान डोलवत होत्या. आणि नियम बदलला. धार्मिक असेल तर चालेल, बाकी काही चालणार नाही. आता त्या टाळ्यांच्या कडकडाटात, 'बाकी काही चालणार नाही' हे शेपूट कुणाला ऐकू येणार? मला तरी कुठे आलं!

बरं, धार्मिक कोणतं आणि बाकी कोणतं, हे ठरवायचं कुणी? तर पीटीच्या सरांनी! गळ्यात शिट्टी, हातात छडी नाही पण चालण्यात आहे, असा माणूस. रोज सकाळी फाटकात उभा. "हे काय? धार्मिक आहे का?" एका पोराच्या गळ्यात प्लास्टिकचं वाघनख. "हो सर." "कुठला धर्म?" "सर... मामाने दिलंय." "मामा हा धर्म नाही. काढ!" एका मुलीकडे अर्ध्या बदामाचं लॉकेट, दुसरा अर्धा तिच्या मैत्रिणीकडे. "श्रद्धा आहे सर." "कुणावर?" "हिच्यावर." दोन्ही अर्धे जप्त! आणि एक गरीब बिचारा म्हणाला, "नाही सर, मी काही मानत नाही, पण ही साखळी काढली तर आई मारेल." सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग धार्मिकच. जा आत."

हसताय काय? मीही हसले होते! भिंगरी घरी येऊन नकला करून दाखवायची, आणि मी पोट धरून हसायची. मग एक दिवस आमची पाळी आली.

आमच्या दाराला लॅच आहे. ओढलं की बंद. दिवसभर आत मी एकटी. भिंगरीला किल्ली दिली की ती हरवायची. दप्तरात हरवली, डब्यात हरवली, एकदा तर वाचनालयाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली आणि पुस्तक परत करून आली! मग सुनेने वैतागून जुन्या बुटाची नाडी घेतली, किल्ली ओवली आणि पोरीच्या गळ्यात घातली. सांगा, यात धर्म कुठे आला? यात आला तो निव्वळ वैताग!

मग एकदा मी बाथरूममध्ये पडले. पडले म्हणजे अशी पडले, की खुबा म्हणाला मी उठणार नाही आणि हात म्हणाला मी उचलणार नाही. फोन बाहेरच्या खोलीत. तो वाजून वाजून दमला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "अहो, आहात का घरात?" आता मी तिथून काय सांगू, आहे म्हणून? सांगितलंच, ओरडून सांगितलं, पण तिच्याकडे मिक्सर लागला होता! ती गेली. नळ ठिबकत होता आणि मी पडल्या पडल्या त्याच्यावर चिडत होते, कारण दुसरं चिडायला कुणी नव्हतं. आणि मग लॅच फिरल्याचा आवाज आला, खट्! ...असू दे. भिंगरी आली, तिने माझ्या डोक्याखाली शाळेचा स्वेटर सरकवला, शेजारणीला ओढत आणलं, पुढचं सगळं झालं. मी बरी झाले, काठी आली, एवढंच. पण त्या दिवसापासून ती किल्ली पोरीच्या गळ्यातून निघेना! आंघोळीला नाही, झोपताना नाही. नाडी ओली, मान लाल, पण किल्ली गळ्यातच. सून म्हणाली, "आई, तुम्ही तरी सांगा तिला." मी म्हटलं, असू दे गं, हरवण्यापेक्षा बरी.

आणि तीच किल्ली सरांनी पकडली. "काढ." "नाही काढणार." "दप्तरात ठेव." "नाही ठेवणार." "धार्मिक आहे का?" पोरीने किल्ली मुठीत घट्ट धरली. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी केली, वर्ग नाही, काही नाही. घरी फोन. किल्ली काढेल तेव्हाच वर्गात बसेल, कुणीतरी येऊन समजवा. निघाले काठी टेकत!

जाऊन बघते तर भिंगरी भिंतीला पाठ लावून उभी, दोन्ही हातांनी किल्ली मुठीत, डोळे टम्म. आम्हाला आत घेतलं. आणि सुरू!

"आजी, हे धार्मिक आहे का?"

"किल्ली आहे."

"ते दिसतंय हो. पण धार्मिक आहे का?"

"कुलूप धार्मिक नाही, दार धार्मिक नाही, मग एकटी किल्ली कुठून धार्मिक होणार?"

सर म्हणाले, "बघा बाई, त्या स्वतःच कबूल करतायत!" जसं काही मी चोरीच कबूल केली! मी म्हटलं, "सर, तुमच्या गळ्यातली शिट्टी कुठल्या धर्माची?" "शिट्टी कामाची वस्तू आहे!" "आणि किल्ली काय, मी हवा खायला ठेवलीय?"

मोठ्या बाई तशा वाईट नाहीत हो. थकलेल्या असतात. कपाळ चोळत म्हणाल्या, "आजी, एकीला किल्ली चालवली की उद्या वाघनख परत येईल, बदाम परत येतील. माझे हात बांधलेत. हिला सांगा, दप्तरात ठेव." मी भिंगरीकडे वळले, म्हटलं, ठेव बाळ. तर ती अशी हुंदक्यांनी गदगदायला लागली, की मला काही सुचेना. आणि मला सुचेनासं झालं की मी भांडते. काठी आपटली आणि म्हटलं, "बाई, नियम तुमच्यापाशी! ही पोर म्हणजे माझ्या गळ्यातला ताईत आहे, हिला रडवलंत तर याद राखा!"

नेमकी तेव्हाच शाळेची घंटा. घण घण घण! घंटा थांबली आणि मोठ्या बाईंचा चेहरा हा उजळला! "ताईत? अहो, मग आधी नाही का सांगायचं! सर, ताईत आहे तो."

"किल्लीचा?"

"असतो काहींच्यात. आपण कोण विचारणार? आजी, ताईत आहे ना? हो म्हणा, विषय संपला."

हो म्हणा! तुम्हाला सांगते, एवढंसं अक्षर. म्हटलं असतं तर पोरगी वर्गात, मी घरी. पण आयुष्यभर जे मानलं नाही त्याला मी हो म्हटलेलं नाही. सासरी नाही म्हटलं, आजारपणात नाही म्हटलं, नवरा गेला आणि चार बायका अंगावर आल्या तेव्हाही नाही म्हटलं. आणि आता त्या शिट्टीपुढे म्हणू? एकीकडे पोरीचे डोळे, दुसरीकडे माझी जीभ. आणि जीभ ती जीभच! मी तोंड उघडलं, 'नाही' म्हणायलाच उघडलं...

भिंतीकडून आवाज आला, "आहे ताईत."

सगळे वळलो. भिंगरी म्हणाली, "ही गळ्यात असली की आजीला काही होत नाही. काढली की होईल."

सरांनी शिट्टी उगाच शर्टाच्या आत टाकली. आणि मी काय करावं? गप्प बसावं की नाही? पण नाही! मी म्हटलं, "अगं वेडे, किल्लीने कुणाला काही होत नाही नि कुणी वाचत नाही! हे असलं माझ्या घरात—"

"आजी, तुम्ही बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. किल्ली कुणाच्या गळ्यात आहे?"

मी बसले. माझंच सभेतलं भाषण मला इतक्या कमी शब्दांत कुणी ऐकवलं नव्हतं!

"तिचं धार्मिक आहे," बाई सरांना म्हणाल्या. "नाडी बदला, मान सोलवटलीय. खेळताना वर चिकटपट्टी." संपलं.

घरी येताना मी पोरीला पार सोलून काढली. म्हटलं, तू आलीस म्हणून मी वाचले, किल्लीमुळे नाही. तर म्हणते, "किल्ली नसती तर आत कशी आले असते?" म्हटलं, शेजारणीने दार फोडलं असतं. म्हणते, "तिच्याकडे मिक्सर चालू होता ना?" म्हटलं, अगं, पण ही अंधश्रद्धा आहे! म्हणते, "असू दे. तू पडू नकोस, मग मी काढते." आता बोला! मोठमोठ्या माणसांना मी वादात गप्प केलंय, आणि ही सातवीतली पोर... न पडण्याचं वचन या वयात कुणी द्यावं?

आणि एवढ्यावर भागतंय का? काल मी तिची वाट बघत दार उघडं ठेवून उंबऱ्यातच उभी. तर बाईसाहेब जिन्यातूनच, "आजी, आत जा! दार लावून घे! खुर्चीत बस!" गेले. लावलं. बसले. मग तिने गळ्यातली किल्ली न काढताच वाकून लावली, लॅच फिरवला, आत डोकावून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग दप्तर फेकून खायला मागितलं. आता रोज असंच. शाळा सुटायच्या वेळी मी आपली बंद दाराआड ताठ बसून असते. कुणी येवो, बेल वाजवो, हाका मारो. शेजारीण मारते ना, "अहो, आहात का घरात?" आहे हो, आहे, पण हलायचं नाही!

जन्मभर मी लोकांना ठणकावून विचारत आले, की तुमचा तो देव आहे ना, मग एवढ्या हाका मारता तर तो उठत का नाही? आता कळलं... त्यालाही एखादी नात असेल हो, उठू देत नसेल!