बिस्किट कोणामागे चालतो

पाटीवरचं स्पेलिंग चुकलंय, बाई, ठाऊक आहे मला — मीच लिहिलीय ती. शाळा लहानपणीच सुटली, बोलणंही असंच साधंसुधं, सांभाळून घ्या. वर्तमानपत्रातनं आलात ना? टेसाचा फोटो हवाय, काल या जनावरांच्या प्रदर्शनात जिंकलेल्या कपासकट? टेसा नाही इथं. धाकटी बहीण माझी — येईल, न येईल, काय सांगू. तोवर ही तिची कालवड बघा, टिली. केस उभे करायला फवारा नाही, गोंद नाही, आपले झोपलेले. आणि त्या पलीकडच्या खुंट्याला काल बिस्किट होता, ब्रॉक स्टेंजेलचा गोऱ्हा. त्याचे केस बघायला हवे होतेत, नवरीसुद्धा इतका वेळ आरशापुढं बसत नाही. पायाखाली गादीसारखा भुसा, वर पंखे. आणि ब्रॉक? ब्रॉकच्या शर्टाला कडक इस्त्री — म्हणजे मेहनत दिसतच होती.

नियम काय, तर पोरानं आपलं जनावर आपण वाढवायचं. हा कप जनावराला नसतोच, हाताळणाऱ्या पोराला असतो. शेवटी दोघंच उरले, ब्रॉक आणि आमची टेसा. ब्रॉक दात दाखवत उभा, बिस्किट पुतळ्यासारखा, कठड्याशी उभ्या माझ्याकडंच बघत — असो. मग परीक्षक म्हणाला, जनावरं बदला. तशी पद्धतच आहे, परक्या जनावरापाशी पोराचा हात कळतो. ब्रॉकनं टिलीचा कासरा ओढला, ती ढिम्म. पुन्हा ओढला, तर तिनं शेपूट उचललं — बूट नवे होते हो त्याचे. त्याच्या आईनं टोपी डोळ्यांवर घेतली. आणि टेसानं बिस्किटाचा कासरा नुसता हातात धरला, तर तो लेकरासारखा मागं मागं. लोक उभे राहिले टाळ्या वाजवत.

परकं जनावर, हो. परकंच — म्हणजे तसं — ओळखणारच ना तो तिला. वर्षभर खरारा कोण करत होतं? हिवाळ्यात त्याच्या टाकीतलं बर्फ कोण फोडायचं? ब्रॉक? आमच्याच गोठ्यात तर —

लिहू नका. ते लिहू नका, बाई. स्टेंजेलसाहेब मजुरी देतात, तोंड बंद ठेवायचं ठरलंय, त्यावर घर चालतं आमचं. आणि मी म्हणतो, बिघडलं काय? घाम टेसाचा, कप टेसाचा. पण ती काल जेवली नाही. मक्याचं कणीस तसंच ताटात. म्हणाली, "ब्रॉकला टिली खरंच परकी होती, कोल्बी. मला बिस्किट नव्हता." मी म्हटलं, अगं, त्यानं तर वर्षभर फसवलं सगळ्यांना. तर म्हणे, "म्हणून मीही?" एवढीशी पोर.

प्रदर्शन संपलं की गोऱ्हे कापायलाच जातात, आज सकाळी खाटकाचा ट्रक लागला. ब्रॉकनं ओढलं, त्याच्या बापानं मागनं रेटलं, बिस्किट फळीवर पाय ठेवीना. टेसाला बोलाव म्हणाले. मी म्हटलं, तिला नको. मीच कासरा घेतला नि पुढं चालू लागलो. आला की मागनं, थेट आत. मान खाजवून घेतली माझ्याकडनं, नेहमीसारखी.

परत येतो तर कप त्या रिकाम्या खुंट्याशी, भुशात ठेवलेला. टेसा कुठं दिसेना. मी उचलला, बाहीनं पुसला — आणि ठेवला परत, तिथंच. तो बघा. काढायचा तर त्याचा काढा फोटो. आता सरका जरा, मला शेण काढायचंय.