आयच्या धवल्याची वेळ

...नाही, साबणावर माझा राग नाही हो, साबणानं अंघोळ मीही करतो! पण तुम्हाला सांगतो, अख्खा वर्सोवा कोळीवाडा आमच्या दारात बसलाय, बायका केसांत अबोली माळून आल्यात, आमच्या मंजुळेनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, रेडिओला हळदकुंकू लावलंय, आता माझी आय गाणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारलेत, आणि आतून कोण बोलली? एक बाई! लाडात! "त्वचा ठेवा कोमऽल..." अगं, कोणाची? कोळंबी सोलणारीची? आता ह्याला धंदा म्हणायचं की राजकारण?

आमची आय, अंजनाबाई, धवलारीण. भटजी येवो न येवो, आमच्यात ती धवला गायली की लग्न लागलं! आणि तेव्हा रेडिओवर संध्याकाळी गावकऱ्यांचा कार्यक्रम असायचा, भजन, कोळीगीतं, पाऊसपाणी. तिथले साहेब यंत्र घेऊन घरी आले, धवला भरून घेतला, तळलेली सुरमई खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली, आणि म्हणाले, "आजी, येत्या बुधवारी!" बुधवारी काय झालं ते सांगितलंच. कार्यक्रम बंद! त्या वेळेला सिनेमाची गाणी, आणि गाण्यागाण्यात साबण!

गेलो साहेबांकडे. साहेबांनी आधी दार लावलं, मग माझ्या कानाशी आले... "तुळशीदास, आतली गोष्ट सांगतो. धंदा नुसता नावाला, खरं राजकारण! लोक गाणी ऐकत बसले की महागाईबद्दल विचारत नाहीत." म्हटलं, साहेब, आणि आमची आय? तर म्हणे, "बघू." धंदा की राजकारण, आयच्या वाट्याला "बघू"!

आय रोज विचारायची, "तुलश्या, माजा गाना कदी लागंल रं?" मी म्हणायचो, उद्या. त्या उद्याची वर्षं झाली हो! आयचा गळा गेला. लोक लग्नाला बँड लावायला लागले, तिला बोलावणं येईना. बिचारीला एवढंच हवं होतं, की डोळे मिटायच्या आत आपला भरून घेतलेला गळा एकदा ऐकावा. मलाही तेच हवं होतं, लपवू कशाला?

मग आली आणीबाणी! साबण सरकला बाजूला, आमच्या वेळेला भाषण! शिस्त पाळा, अफवा पसरवू नका! पुन्हा गेलो. आता साहेबांनी दार सताड उघडं ठेवलं आणि पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "राजकारण? छे छे छे! शुद्ध धंदा! जाहिराती घटल्या, रिकामी वेळ भरायला नको का?" म्हणजे बघा, धंदा होता तेव्हा सांगत होते राजकारण, आणि राजकारण आलं तेव्हा धंदा! माणसानं भांडायचं तरी कोणाशी?

आणि गेल्या वर्षी एका दुपारी मंजुळा ओरडली, "अवो, आय लागली!" हातातलं जाळं टाकून धावलो. खरंच आय! तोच खणखणीत गळा! म्हातारी सुकट निवडत होती, तिचे हात थांबले, तोंड उघडं ते उघडंच... आणि दुसऱ्या ओळीला आवाज गेला खाली, आणि वरून एक बुवा गरजला, "दोन मुलं झाली? मग नसबंदी करून घ्या!" लग्नाचं गाणं, अहो, नसबंदीला! आणि लगेच मागून ती लाडावलेली बाई, "त्वचा ठेवा कोमऽल..."

मी रेडिओ उचलला आपटायला. तर आय म्हणते, "ठेव तो खाली! धवला मोडला त लगीन मोडतं. मना पुरा करू दे." आणि त्या साबणाच्या बाईसमोर मांडी घालून, फाटक्या गळ्यानं, धाप लागत लागत, शेवटपर्यंत गायली. मंजुळा रडली. मी तर ढसाढसा रडलो.

पावसाळा संपायच्या आत आय गेली.

आता आणीबाणी उठली, परवा मालाडच्या बाजारात साहेब भेटले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "आता मोकळेपणानं सांगतो, तुळशीदास, धंदाही होता आणि राजकारणही होतं." म्हटलं, साहेब, मला काय सांगता? आमच्या आयनं शेवटचं लग्न त्या दोघांचंच लावलंय, आणि तिनं लावलेलं लग्न आजवर एकही मोडलेलं नाही!