सगळ्यांचाच पहिला नंबर

बाळांनो, दातांचा एक दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच नंबर झळकतोय: एक. माझ्या समोर गाल सुजलेली एक मुलगी बसली आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तिचे बाबा आणि आत्या.

आत्या बाबांना म्हणाली, “दादा, नंबर देणारं हे अ‍ॅप तूच केलंस ना? एवढी समानता मी कुठे पाहिली नव्हती रे!”

“अगं, घरी तपासताना दर वेळी कशाला ताटकळायचं, म्हणून डेव्हलपमेंट मोडमध्ये सगळ्यांना पहिलाच नंबर ठेवला होता.”

“आणि हे आपलं घर का?”

“नाही, हे प्रॉडक्शन. म्हणजे खरे पेशंट. अ‍ॅप सर्व्हरवर चढवताना मोड बदलायचा राहिला.”

“राहणारच! तालीमच चाललीय असं समजून पडदा उघडलास.”

“आत्ता बदलला असता गं, पण पासवर्ड घरच्या लॅपटॉपमध्ये आहे.”

“दूरदृष्टी म्हणतात ती हीच.”

“बाबा, माझी दाढ ठणकतेय. मी आत कधी जाणार?”

“तुझाच पहिला नंबर आहे, राणी.”

“तो त्या आजोबांचाही आहे.”

“बघ दादा, पोरीने बसल्या बसल्या चूक पकडली. तू आठवडाभर काय तपासत होतास?”

तेवढ्यात दार उघडून नर्सने विचारलं, “एक नंबर कोण?”

अख्खी खोली उभी राहिली.

मुलगी खुर्चीवर चढली आणि ओरडली, “ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय, त्याने हात वर करा!”

आणि कोणी हलायच्या आत तिने स्वतःचे दोन्ही हात वर केले.