उतरलं की आपटलं?

…नाही नाही, मला एक सांगा, रविवारी भल्या पहाटे माणूस बायकोला उठवतो तो कशासाठी? चहासाठी! फार तर दूधवाला बेल वाजवतोय म्हणून! आमचे हे मला गदागदा हलवतात आणि म्हणतात, "रतन, ऊठ, जरा शेपूट धर." डोळे अजून उघडले नाहीत, तोंड धुतलं नाही, आणि शेपूट धर! कुणाचं शेपूट, कसलं शेपूट… "अगं विमानाचं! लिफ्टमधून तिरकं न्यायला लागतं, एकट्याला जमत नाही. चल लवकर, आज उडवणार म्हणजे उडवणार!"

थांबा, आधी विमानाचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमचे बुद्धभूषण टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. लोक रिटायर झाले की बागेत फिरतात, हास्यक्लबात जाऊन विनाकारण हसतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडतात. आमचे हे विमानं उडवतात! खेळण्यातली नाही हं. 'खेळणं' म्हणायचं नाही, दोन दिवस बोलत नाहीत मग. मॉडेल म्हणायचं! हलकं लाकूड आणायचं, ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं, वरून कसलंसं पातळ कापड इस्त्रीने ताणून बसवायचं… माझ्या इस्त्रीने, बरं का… आणि एवढा जीव ओतून केलेली वस्तू आभाळात सोडून द्यायची आणि खाली उभं राहून मान दुखेपर्यंत तिच्याकडे बघायचं. हातात तो रिमोट. "रिमोट टीव्हीचा असतो, रतन. हा ट्रान्समीटर आहे." बरं बाबा, ट्रान्समीटर!

आणि हा सगळा पसारा राहतो कुठे? आमच्या दुसऱ्या बेडरूममध्ये! विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, अभय नोकरीला लागला की ती खोली माझी. अहो, जन्मभर शाळेत शिकवलं, पोरांच्या गोंगाटात. घरी आले की सासूबाई, नणंदा, अभयचे क्लास, यांचे मित्र… मला काय महाल हवा होता? एक खुर्ची, एक खिडकी आणि आतून लागणारी कडी! बस! अभय बंगलोरला गेला, मी पडदे शिवायला टाकले, आणि पडदे शिवून येईपर्यंत खोलीत विमानं येऊन बसली होती.

मग आला तो कोरोना. विमानं घरात, हे घरात, मी घरात. एरवी आमच्या डोक्यावरून विमानतळाची विमानं जातात, ताटातली आमटी हलते, ती पण बंद! हे गॅलरीत उभे राहून रिकाम्या आभाळाकडे बघत बसायचे. आणि दर शनिवारी काय करायचे, माहितेय? बॅटऱ्या चार्ज करायचे. फुल्ल! का, तर उद्या रविवार, उद्या कदाचित सोडतील. सोडतायत कसले! पुढच्या शनिवारी पुन्हा फुल्ल. आता त्या बॅटऱ्यांचं म्हणे असं असतं, उडवायचं नसेल तर अर्ध्याच चार्ज करून ठेवायच्या, भरलेल्या ठेवल्या की फुगतात. हे कुणी शिकवलं विमानवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना? यांनीच! आणि यांच्या बॅटऱ्या? टम्म! पुऱ्या! मी म्हटलं, अहो, तुम्हीच ना लोकांना सांगता? तर म्हणतात कसे, "अर्धी चार्ज करायची म्हणजे उद्या उडवायचं नाही हे मान्य करायचं. मी नाही करणार. उडवणार म्हणजे उडवणार!"

आणि दुसऱ्या लाटेत हे आडवे झाले.

त्याचं जास्त सांगत नाही. बोटाला लावायचा तो चिमटा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय, त्याच्यावरचा आकडा खाली गेला की तो काढून दुसऱ्या बोटाला कसा लावून बघतात तेही तुम्हाला ठाऊक आहे. हॉस्पिटलातून सुटले, घरी आले, पण खरं सांगू? अर्धेच घरी आले. एक जिना चढायचा तर दोनदा थांबायचे. अंगठे असे थरथरायचे की कप बशीवर वाजायचा. बोलणं तर संपलंच होतं. फक्त रोज त्या खोलीत जाऊन बसायचे. टेबलावर विमान, त्याचं नाक दाराकडे, आणि शेपटामागे माझी गव्हाची पिंपं… हसू नका, लॉकडाउनमध्ये तुम्ही नव्हते भरले गहू? तर मागे जायला जागा नाही, म्हणून हे विमानाच्या नाकासमोर स्टूल टाकून बसायचे आणि ट्रान्समीटरच्या दांड्या हलवायचे. इकडे दांडी हलली की तिकडे पंखाच्या झडपा वरखाली. त्यातली काहीतरी मोटर यांनी बदलली होती. "बघ रतन, कसं बरोबर चालतंय!" मी कशाला बघतेय? पण तेवढं एक वाक्य बोलायचे दिवसभरात, म्हणून मी दारात उभी राहायचे.

एक दिवस अभयचा व्हिडिओ कॉल आला. तो आपला काळजीपोटीच बोलला बिचारा, "बाबा, आता बास ना. उन्हात उभं राहायचं, धावायचं, हात थरथरतायत तुमचे… कुणाला तरी देऊन टाका सगळं." अहो, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा यांचा आवाज चढला! "उडवणार म्हणजे उडवणार! आणि ऐक, पहिल्याच उड्डाणात विमान आपटलं ना, तर त्याच दिवशी सगळं सामान क्लबातल्या मुलांना वाटून टाकतो, पुन्हा हात लावणार नाही. पण नीट उतरलं, तर या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही." अभय म्हणाला, "डन. आई साक्षीदार. ती खोटं बोलत नाही."

साक्षीदार! आणि माझ्या मनात काय आलं असेल? तुम्हाला काय वाटतं, विमान सुखरूप उतरू दे वगैरे? छे! मला डोळ्यांसमोर कडी दिसली. आतून लागलेली.

तर तो रविवार. निर्बंध उठलेले. आता आमच्या शेजारी विमानतळ, तिथे पतंगसुद्धा विचार करून उडवावा, म्हणून यांचं मैदान कुठे, तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याच्याही बरंच पुढे, तुळजाबाई म्हणून एक शेतकरी बाई आहेत, त्यांच्या पडीक रानात. सगळं पुणं ओलांडायचं! गाडीत पुढे मी, माझ्या मांडीवर पंख, शेपूट खिडकीबाहेर. आणि धरणावर ही गर्दी! कोंडून ठेवलेलं सगळं पुणं त्या दिवशी कणसं खायला आलेलं. गाडी हलेना. एक जण खिडकीत डोकावला, "काकू, हे खरंच उडतं का हो?" मी म्हटलं, "नाही हो, घरी कंटाळलं होतं, फिरायला आणलंय."

पोचलो तर रानात गवत कमरेएवढं आणि त्यात तुळजाबाईंच्या म्हशी. तुळजाबाई पदर खोचून धावतच आल्या, "आगं बया, जित्तं हायसा व्हय! दोन वरीस कुनी फिरकलं न्हाय, मला वाटलं इमानवालं समदं गेलं!" हे हसले. म्हणाले, "आहे, तुळजाबाई. उडवायला आलोय."

क्लबातला साईनाथ आधीच येऊन थांबला होता. आयटीतला मुलगा, यांच्याकडेच शिकलेला. त्याने गवत कापून विमानाला धावायला पट्टा केला होता, पूर्वीच्या निम्मा. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला गोठा आणि कडब्याची गंजी. तो आपला नम्रपणे म्हणाला, "काका, फर्स्ट फ्लाइट मी घेऊ का? सगळं सेट करून देतो, मग तुम्ही एन्जॉय करा." यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पोरगा दोन पावलं मागे गेला. मी इकडे फोन धरून उभी, फोनमध्ये अभय, "आई, कॅमेरा वर ठेव हं, सगळं दिसलं पाहिजे."

आता उडवायच्या आधी झडपा तपासायच्या असतात. नियम साधा आहे, मला सुद्धा पाठ झालाय: विमानाच्या मागे उभं राहायचं, दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर आली पाहिजे. हे कुठे उभे राहिले? नाकासमोर! घरची सवय! दांडी हलवली, "बरोबर!" म्हणाले. साईनाथ काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. ज्यांनी हे शिकवलं त्यांनाच कसं सांगायचं? आणि मला काय कळतंय, मी कॅमेरा वर धरलेला.

सोडलं हो! घुंईऽऽ करून पट्ट्यावरून सुटलं, उचललं… आणि उचलल्या उचलल्या भलतीकडेच कलंडलं! हे उजवीकडे घालतायत, ते डावीकडे जातंय! आणखी उजवीकडे, ते आणखी डावीकडे, सरळ विहिरीवर! साईनाथ ओरडला, "काका, झडपा उलट्या लागल्यात! रिव्हर्स! घरी चेक कसं केलंत तुम्ही?" आणि हे, विमानावरची नजर न काढता, दात आवळून म्हणतात, "समोरून! मागे हिच्या गव्हाची पिंपं आहेत!"

म्हणजे बघा! समोरून बघितलं की डाव्याचं उजवं दिसतं, आणि विमान विहिरीत चाललंय ते माझ्या गव्हामुळे!

साईनाथ हात पुढे करून म्हणतोय, "काका, द्या माझ्याकडे, द्या!" आणि तुम्हाला सांगते, हे एकदम शांत झाले. मी लग्नापासून बघतेय, हा माणूस खरं संकट आलं की शांत होतो आणि चष्मा सापडला नाही की घर डोक्यावर घेतो. म्हणाले, "साईनाथ, गप्प राहा. उजवा अंगठा आडवा न्यायचाच नाही आता. शेपटाच्या सुकाणूवर वळवतो." मी यांच्या अंगठ्यांकडे बघितलं. थरथरत नव्हते! एक केसभर हलत नव्हते हो! विमान विहिरीवरून हळूच सरळ झालं, वळलं, मोठी थोरली फेरी घेतली, उन्हात पंख चमकले… आणि मी काय करत होते? मी ओरडत होते, "अहो, सांभाळा! अहो, हळू! अहो, नीट उतरवा हो!" कोण ओरडत होतं? जिला खोली हवी होती तीच बाई!

खाली आणलं. सरळ पट्ट्याच्या रेषेत आणलं, चाकं टेकायची फक्त बाकी… आणि पट्ट्यावर कोण? म्हैस! मधोमध! रवंथ करत! यांनी सुकाणू हलकंच वळवलं, नाक वर घेतलं, वेग एकदम कमी केला, आणि विमान म्हशीच्या शिंगांवरून तरंगत जे गेलं ते कडब्याच्या गंजीत. खस्स!

आणि हे धावले.

कुणी बघितलं की नाही माहीत नाही, सगळे गंजीकडे बघत होते. मी यांच्याकडे बघत होते. एका जिन्यात दोनदा थांबणारा माणूस, तो ढेकळातून, गवतातून, थेट गंजीपर्यंत धावत गेला. न थांबता! माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लपवून काय करू.

इकडे फोनमध्ये अभयचा आरडाओरडा, "आई! अगं आई! मला फक्त गवत दिसतंय आणि तुझी चप्पल! काय झालं? उतरलं की आपटलं?" साईनाथ घसा खाकरून म्हणाला, "टेक्निकली बघितलं तर…" मी त्याच्याकडे बघितलं. तो टेक्निकली तिथेच थांबला. तुळजाबाई मात्र कमरेवर हात ठेवून, "आपाटतंय कशाला! कोंबडी खुराड्यात बसती, तसं बसलं की!" अहो तुळजाबाई, पण पुढचा पंखा मोडलेला दिसतोय, एक चाक म्हशीकडे घरंगळत गेलंय!

हे विमान छातीशी धरून आले. केसात कडबा, मास्क हनुवटीवर, श्वास फुललेला, डोळे पोरासारखे चमकतायत. फोनकडे बघितलं आणि चेहरा उतरला. वाद घालतील, म्हशीवर ढकलतील, असं मला वाटलं. नाही. म्हणाले, "अभय, पट्ट्यावर नाही आलं. आई सांगेल ते खरं." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

आता सांगा. एवढी वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, खरं बोला, खरं बोला. एक शब्द बोलायचा होता, आणि संध्याकाळी खोली रिकामी! म्हैससुद्धा बघत होती माझ्याकडे.

"उतरलं," मी म्हटलं. "व्यवस्थित उतरलं. तू नाश्ता केलास का?"

परत येताना धरणावरच्या गर्दीत गाडी पुन्हा अडकली. तेव्हा हे हळूच म्हणाले, "रतन, खरं सांग. आपटलं ना?"

मी म्हटलं, "हो. चांगलं आपटलं."

"मग?"

"मग काय मग? पुढच्या रविवारी नीट उतरवा!"

तोंडातून निघून गेलं हो! यांनी तिथल्या तिथे हॉर्न वाजवला आनंदाने, आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसले… खोली तर गेलीच, वर रविवार पण गेले!