बिननावाची सिस्टर

नाही, तो भेटीचा खोका टेबलावर नको ठेवूस, हातातच असू दे — बस ना, खालच्या मजल्यावरनं चढून आलास, दमला असशील. तर साथीत तुझ्या आईला भरवणारी, शेवटपर्यंत जवळ असणारी ती सिस्टर तुला शोधायचीय, आणि आमची पोरगी त्याच दवाखान्यात, म्हणून इथं विचारायला आलास. फोनवर आई सांगायची ना, देवमाणूस आहे म्हणून? आणि नाव कुणालाच ठाऊक नाही? कसं असेल. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा पोशाख, सगळ्या सारख्याच — म्हणून एकमेकींच्या पाठीवर मार्करनं नाव लिहायच्या. हिनं लिहूच दिलं नाही. मैत्रिणी हाक मारायच्या, ए बिननावाची, इकडे ये.

का नाही लिहू दिलं? पेशंट ओळखीची होती. नाव कळलं तर माझ्या हातचं पाणी घेणार नाही, म्हणाली. याच जिन्यात तुझी आई तिच्या पावलांमागे फिनेल ओतायची — आठवतं? आणि तू, झाडांवर औषध मारायचा पंप आणून फाटकात तिच्या अंगावर फवारा मारलास, वर फाटकाला कुलूप लावलंस. मी खिडकीतनं बघत होतो. उठू नकोस. हो, आमची पोरगीच ती.

रडतोस कशाला? आई शेवटी काय म्हणाली, ते ऐकायचंय ना? पोरीला शब्द दिलाय मी, सांगणार नाही म्हणून — पण तू इतकं विचारतोयस. तुझी आई तिचा हात धरून म्हणाली, पोरी, तुझ्या आईची कूस धन्य. आणि त्याच दमात — आमच्या वर एक नर्स राहते, तिनंच हा रोग आणला, माझ्या लेकाला निरोप दे, तिला तिथं राहू देऊ नकोस. ही काय म्हणाली? देईन हो आजी. आणि तोंड पुसत राहिली.

रोग तिनं कुठून आणायचा? तुझ्या कुलपापासून ती दवाखान्यातच निजत होती. तुमच्या घरात आधी कोण खोकत होतं, ते मला खालून ऐकू यायचं. आईला नसेल कळलं. तुला कळलं होतं.

असो. निरोप पोचला. ऊठ आता, ती येईल ड्युटीवरनं. तिच्याशी यातलं काही बोलू नकोस, मी शब्द दिलाय. खोका घेऊन जा. आणि जिना सावकाश उतर, घाई नाही — तू खाली पोचलास की मगच फिनेल ओततो.