मोऱ्याच्या किनाऱ्यावरचा ग्रॅनाइट

संशोधनाचं कौतुक मला सांगू नका राव! भूशास्त्राची पदवी घेऊन मी नुकताच एका साहेबांच्या हाताखाली लागलो होतो. मोऱ्याच्या धक्क्याजवळ सगळा काळा कातळ, आणि त्यात साहेबांना गुलाबी ग्रॅनाइटचा धोंडा सापडला. "इथं खाली ग्रॅनाइट आहे! लिहून घे!"

मासळी सुकवणारी कोळीण म्हणाली, "आवो, तो गलबतातून आलाय. रिकामं गलबत डुलतं, म्हनून वजनाला दगड भरतान नि इथं टाकतान."

"हिला काय कळतंय?" साहेब म्हणाले.

माझं लग्न ठरलेलं, नोकरीला जेमतेम महिना झालेला. मी मुकाट लिहून घेतलं. शोधनिबंध छापला, साहेबांना बढती मिळाली. खाली माझंही नाव.

परवा मोऱ्याला उतरलो, तर तीच कोळीण म्हणते, "सायेब, कालच गलबत आलंय. ताजे दगड हायत, नेता?"